आधी तुमच्या मजल्यावरच्या बादल्या बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. इतकं समजावूनही सोसायटीतले लोक ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत, म्हणून तू चिडली आहेस. अगं, पटलेलं असतं सगळ्यांना. पण हात हलतो तो शेजारचा काय करतो ते बघून.

माझी चूक सांगतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मी सेक्रेटरी असताना कचरा एकत्र देणाऱ्यांचे फ्लॅट नंबर नोटीस बोर्डावर लावले. चोवीसपैकी अकरा. वाटलं, लाजतील. झालं उलटंच. नीट करणाऱ्यांपैकीच दोघं म्हणाले, "एवढे जण करत नाहीत, मग आम्हीच का हात घाण करायचे?" यादी उतरवली, पण जायचा तो निरोप गेलाच होता.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमधला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. घराघरांत वीजवापर आणि आजूबाजूची सरासरी कळवली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांचा वाढला! ज्यांच्या चिठ्ठीवर शाबासकी म्हणून हसरा चेहरा काढला होता, त्यांचा मात्र वाढला नाही. म्हणून आधी जे करतात त्यांची पाठ थोपट.

फायद्याची भाषा करायला लाजू नकोस. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, एकापेक्षा जास्त असतील तर १०. आमच्या खतखड्ड्याचा ठराव याच आकड्यावर पास झाला. पण सवलत वर्षातून एकदा दिसते, बादली रोज भरते. बिलात सूट लागली आणि खड्ड्याकडे कुणी फिरकेना. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळलं, चिलटं झाली, तक्रारी आल्या.

तो खड्डा सावरला पहिल्या मजल्यावरच्या आजींनी. रोज सकाळी सात वाजता, ऑफिसला निघणाऱ्यांच्या देखत, त्या हिरवी बादली घेऊन खाली यायच्या. सालं टाकायच्या, वर मूठभर कोकोपीट भुरभुरवायच्या, काठीने ढवळायच्या. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या कुंडीतली जास्वंद अशी फुलली की समोरच्या वहिनी खत मागायला आल्या. आजी म्हणाल्या, "न्या की, पण उद्यापासून तुमची सालं आणा." महिन्याभरात खाली चार बादल्या यायला लागल्या.

मीटिंग बोलवायच्या आधी एक कर. सोमवारी सकाळी 'स्वच्छ'च्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, ताई येतील तेव्हा त्यांच्याबरोबर मजल्यामजल्यावर फिर. कुणाच्या घरचा कचरा हाताने निवडावा लागत नाही, हे त्यांना पाठ असतं. ती घरं लिहून घे आणि त्यांच्याकडे चहाला जा. किती निघाली, मला कळव.

तुझा,
काका