साथीचे रोग रोखायचे तर देशाच्या सीमा बंद ठेवणं हाच खरा उपाय नाही का? आणि मग जागतिक आरोग्य संघटना नेमकं करते काय?

नाही. कामानिमित्त नैरोबी-मुंबई ये-जा करतो म्हणून सांगतोय.

केनियाला जायचं तर यलो फिव्हरची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या एका तापाची लस आणि ती घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड लागतं. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, नंबर लवकर लागत नाही. आमच्या ऑफिसात एक एजंट यायचा, "टोचून कशाला घेता साहेब, शिक्क्यासकट कार्ड आणून देतो." मी रांग लावून टोचून घेतली, तर लोक हसले. माझ्याबरोबरच्या एकाने कार्ड विकत घेतलं. परत येताना मुंबई विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याने शिक्का पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि त्याला थेट क्वारंटाइनमध्ये नेलं. नियम 6 दिवसांपर्यंतचा आहे. बहिणीचा साखरपुडा हुकला बिचाऱ्याचा. बिचारा कसला म्हणा!

आपल्याकडे हा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, घरोघरी कुंड्यांत बसलाय. 2016 मध्ये अंगोलात साथ असताना लस न घेतलेले 11 जण तिथून हा ताप घेऊन चीनला परतले. तिथे साथ पसरली नाही हे नशीब. म्हणजे दार उघडं ठेवा, पण कार्ड खरं हवं.

आमचे साडू मात्र 2020 पासून प्रत्येक लग्नकार्यात एकच रेकॉर्ड लावतात, "विमानं वेळेत बंद केली असती तर कोरोना आलाच नसता." नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार शोधला, प्रामाणिकपणे जगाला कळवला. बक्षीस काय मिळालं? दोन-तीन दिवसांत त्यांची विमानं बंद. नंतर कळलं, नेदरलँड्समध्ये त्याच्या आधीच घेतलेल्या नमुन्यांत तो होता. पुढच्या वेळी कोण कशाला आपणहून सांगेल? साडूंकडे याचं उत्तर नाही, ते जिलबी मागवतात.

संघटनेचं म्हणाल तर 2005 चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहेत, देशांनी साथ लपवू नये, कळवावी वगैरे. सक्ती करायला तिच्याकडे पोलीस नाहीत. बाकी गूगल करा.

हां, न्यूझीलंडने 2020 मध्ये सीमा बंद करून लस येईपर्यंत वेळ मिळवला, हे मान्य. नवा रोग, लस नाही, चहूबाजूंनी समुद्र, तिथे जमतं. आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यलो फिव्हरची लस घेऊ नये.

साडू पुढच्या वर्षी मसाई मारा बघायला निघालेत आणि म्हणतात, "त्या कार्डाचं काहीतरी जमवू." तुम्हीही जाणार असाल तर निदान 10 दिवस आधी टोचून घ्या, कारण कार्ड त्यानंतरच लागू होतं. 2016 पासून एक डोस जन्मभर चालतो, आता तर पुन्हा पुन्हा टोचावं लागतं हेही निमित्त उरलेलं नाही.