कैरोला येताय तर तहरीर चौक सोडा, गॅसच्या पाइपकडे बघा

अरे, तुझा प्रश्न वाचला. नाशिकच्या प्लांटमधून तीन वर्षांसाठी कैरोला पाठवतायत, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि आई-बाबा 2011 च्या क्रांतीचे, कैरोच्या तहरीर चौकातले जुने व्हिडिओ बघून नको म्हणतायत. मी 2009 पासून इथे आहे, ते सगळं डोळ्यांनी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या रात्रीबद्दल, कारण आई-बाबांच्या डोक्यात तीच आहे. 28 जानेवारी 2011, शुक्रवार. मोबाइल बंद, इंटरनेट बंद (नेट थेट 2 फेब्रुवारीला आलं), संध्याकाळपर्यंत पोलीस रस्त्यावरून गायब आणि जेलमधून कैदी सुटल्याची बातमी. तेव्हा मी कैरोच्या मादी भागात राहायचो. आमच्या बिल्डिंगचा बव्वाब, म्हणजे आपल्याकडचा वॉचमन, दार वाजवून म्हणाला खाली चल, आणि हातात काठी दिली. गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या, टायर, एक मोडका फ्रिज आडवा टाकलेला. शेजारचा दाताचा डॉक्टर किचनमधली सुरी घेऊन उभा, कॉलेजची पोरं गाड्या थांबवून आयकार्ड बघतायत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीने दोरीला बांधलेल्या टोपलीतून सगळ्यांसाठी गरम पाव खाली सोडला, मलाही, मी कोण कुठला हे कुणी विचारलं नाही. अशा राखणीच्या टोळ्यांना लिगान शाबिया म्हणायचे, गल्लोगल्ली होत्या. 11 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले त्या रात्री तोच बव्वाब माझ्या गळ्यात पडून रडला. हे आई-बाबांना नक्की सांग, कारण टीव्हीवर फक्त दगड आणि धूर दिसला होता.

म्हणजे सगळं छान झालं असं नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये पोर्ट सईदच्या फुटबॉल स्टेडियममध्ये सत्तरच्या वर माणसं मेली. जून 2012 मध्ये मुर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, 3 जुलै 2013 ला लष्कराने त्यांना काढलं, आणि 14 ऑगस्टला रबाच्या चौकात ठाण मांडलेल्या मुर्सी-समर्थकांना हटवताना शेकडो लोक मारले गेले, त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत कर्फ्यू. संध्याकाळी सातला रस्ते ओस, जिवंत शहराचं असं गप्प होणं मला फार लागलं, कारण कैरो रात्री एकला जागं असतं. ज्या पोरांबरोबर मी गल्लीत उभा होतो त्यातली दोघं देश सोडून गेली.

पण तुझ्या रोजच्या आयुष्यावर परिणाम करणारी गोष्ट चौकात घडत नाही, सिनाईत, म्हणजे इस्रायलला लागून असलेल्या इजिप्तच्या वाळवंटी भागात, आणि सीमेपलीकडे घडते. गॅसच्या पाइपचंच बघ. इजिप्त 2008 पासून इस्रायलला गॅस विकत होता, लोकांचा त्यावर राग होता की स्वस्तात देतात म्हणून. मुबारक अजून खुर्चीवर होते तेव्हाच, 5 फेब्रुवारी 2011 ला, सिनाईतल्या अल-अरीशजवळ ती लाइन उडवली आणि पुढे वर्षभरात डझनाहून जास्त वेळा उडवली. कारण सरळ आहे. इस्रायलबरोबरच्या 1979 च्या शांतता करारामुळे इस्रायलला लागून असलेल्या सिनाईच्या पट्ट्यात इजिप्तला हवं तेवढं सैन्य ठेवता येत नव्हतं, पोलीस यंत्रणा कोसळलेली, लिबियात गद्दाफी गेल्यावर तिकडची हत्यारं इकडे आली, आणि बदूंच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटी टोळ्यांच्या, मनात कैरोच्या सरकारबद्दल वर्षानुवर्षांचा राग. ऑगस्ट 2012 मध्ये गाझाच्या सीमेवरच्या रफाहजवळ 16 इजिप्शियन सैनिक मारले गेले, मग तिथलाच गट 2014 मध्ये आयसिसला जाऊन मिळाला, 2015 मध्ये रशियन विमान पडलं त्यात 224 माणसं गेली आणि सिनाईच्या दक्षिण टोकाच्या शर्म अल-शेखचं टुरिझम बसलं. त्या काळात इस्रायलच्या संमतीने सिनाईत इजिप्तचं सैन्य वाढलं, उत्तर सिनाई आता शांत आहे पण तिकडे फिरायला जायचं नाही. शर्म, दाहाब ही समुद्रकाठची गावं वेगळी, तिथे खुशाल जा.

आता तोच पाइप उलटा वाहतो! 2012 मध्ये विक्रीचा करार मोडला आणि जानेवारी 2020 पासून इजिप्त इस्रायलकडून गॅस विकत घेतो. त्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये गाझाचं युद्ध सुरू होऊन तिकडचं एक फील्ड बंद झालं की आमचं लोडशेडिंग वाढलं, आणि जून 2025 मध्ये इस्रायल-इराण भिडले तेव्हा इथले युरियाचे कारखाने बंद पडले. तुझा प्लांट गॅसवर चालणारा असेल तर जॉइन व्हायच्या आधीच विचार की गॅस तुटला तर पर्याय काय. येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली तेव्हा सुएझ कालव्याचं उत्पन्न 10 अब्ज डॉलरवरून 2024 मध्ये 4 अब्जांवर आलं. डॉलर आटला की इथलं चलन, इजिप्शियन पाऊंड, घसरतो, आणि हे सगळं शेवटी तुझ्या पगारात उतरतं.

इथे माझं स्वतःचं सांगतो. माझा करार पाऊंडात होता, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता रुपयात. नोव्हेंबर 2016 मध्ये डॉलर 8.80 पाऊंडांवरून दीड महिन्यात 18 च्या आसपास गेला, माझी बचत निम्मी झाली, ऑफिसने हात वर केले, कारण कागदावर डॉलरचा शब्दच नव्हता. मार्च 2024 मध्ये पुन्हा तेच, एका दिवसात 31 वरून 50 च्या जवळ. त्याच्या आधी एमिरातींनी (यूएईने) 35 अब्ज डॉलरचा रास अल-हिकमा या किनाऱ्यावरच्या जागेचा सौदा केला म्हणून तरी सावरलं. 2013 मध्येही मुर्सी गेल्यावर आठवड्याभरात सौदी, एमिराती आणि कुवेतने 12 अब्ज जाहीर केले होते, त्याआधी मुर्सींच्या मागे कतार होता. इथल्या सरकारचा श्वास आखातातून येतो, तेव्हा तिकडची बातमी वाचत जा. आणि करारात पगार डॉलरमध्ये, निदान अर्धा तरी, लिहून घे, तोंडी आश्वासनावर येऊ नकोस.

बायकोला खरं सांग, रस्त्यावर छेडछाड होते, क्रांतीनंतर तहरीरमध्ये बायकांवर फार वाईट प्रसंग आले, 2014 मध्ये त्यासाठी कायद्यात शिक्षा आली. मेट्रोत बायकांचे डबे वेगळे आहेत, तेच वापरायचे. चोरी, लूटमार मात्र मला इतक्या वर्षांत एकदाही सोसावी लागली नाही. राजकारणावर टॅक्सीत, ऑफिसात, फेसबुकवर बोलायचं नाही, सैन्य-पोलीस-पूल यांचे फोटो काढायचे नाहीत, पासपोर्टची प्रत खिशात. कैरोच्या झमालेक भागात आपली एम्बसी आहे, पहिल्या आठवड्यातच नाव नोंदव.

एक शब्द आत्ताच शिकून ये, ऐश. आपण मौजेला ऐश म्हणतो, इथे रोजच्या पावाला. 2011 च्या घोषणेतला पहिला शब्द तोच होता, ऐश, मग स्वातंत्र्य, मग न्याय. रेशनचा तो पाव तीस-पस्तीस वर्षं 5 पियास्टरला (100 पियास्टरचा एक पाऊंड) होता, जून 2024 मध्ये 20 चा केला, आणि माझ्या बव्वाबने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे उसने पैसे मागितले. त्याची पोरं पाच आहेत. तू आलास की घर बघताना तुझ्या बव्वाबशी आधी ओळख कर, घरमालकाशी नंतर.

तूरडाळ आणि गोडा मसाला भरपूर आण, मसूर इथे हवी तेवढी मिळते. कराराचा मसुदा आला की पगाराचं पान पाठव, शुक्रवारी मला सुट्टी असते, बसून वाचतो.