केमोथेरपी: वाचकांच्या शंका

प्रश्न (अमळनेर): आईला स्तनाचा कर्करोग आहे. मग केमोने केस का गळाले, तोंड का आले?

उत्तर: केमोची औषधे रक्तातून सर्व शरीरात फिरतात आणि मुख्यतः वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांतील, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील (हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या भागातील) निरोगी पेशीही तशाच असल्याने त्यांनाही झळ बसते. निरोगी पेशी पुन्हा भरून येतात. त्यासाठीच दोन डोसांत बहुधा दोन-तीन आठवडे जाऊ देतात. उपचार संपल्यावर केस बहुतेकांना परत येतात. तोंड बरे होईपर्यंत आईला ठेचा, शेवभाजी देऊ नका. मऊ वरणभात द्या.

प्रश्न (यावल): वडिलांना आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन दिले. आता माठातले पाणीही घशाला टोचते म्हणतात. मे महिन्यात काय करावे?

उत्तर: वडिलांची तक्रार खरी आहे. हे औषध संवेदना वाहणाऱ्या नसांना काही दिवस थंडीबाबत हळवे करते, त्यामुळे गार पाण्याने घसा आवळल्यासारखा वाटतो आणि फ्रिजमधली वस्तू धरताच बोटांना मुंग्या येतात. तेवढे दिवस साधे किंवा कोमट पाणीच द्यावे. आपल्याकडच्या उन्हात ते नकोसे वाटले तरी थोडे थोडे, वारंवार पाजावे. मात्र पुढचा डोस येईपर्यंत बधिरपणा टिकला किंवा सदऱ्याची बटणे लावणे जड जाऊ लागले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. ते डोस कमी करू शकतात.

प्रश्न (शिरपूर): सदाफुलीपासून केमोचे औषध बनते, मग पानांचा काढा द्यावा का?

उत्तर: कृपया देऊ नका. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध सदाफुलीतूनच मिळते, परंतु ते इतके तीव्र आहे की प्रौढालाही एका वेळी साधारणतः 2 मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत, तेही केवळ शिरेतून. काढ्यात कोणते द्रव्य किती उतरले, हे घरी कळत नाही.

प्रश्न (साक्री): केमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला. तापाची गोळी देऊन पुढच्या तारखेपर्यंत थांबावे का?

उत्तर: अजिबात थांबू नका. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हाचा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि गोळीने ताप झाकला जातो. थर्मामीटरवर 100.4 फॅरेनहाइट किंवा अधिक दिसले, तर रात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे, केमोची फाईल सोबत घ्यावी आणि दारातच ‘केमो चालू आहे’ असे सांगावे.