नवी होडी बांधण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासासाठी शिडाच्या भक्कम होड्या बांधणारे स्वतःचे यार्ड काढावे, अशी इच्छा तू कळवली आहेस. तुझा उत्साह मला मोलाचा वाटतो. पण अशा होड्या बांधणारी इतकी नामवंत यार्ड एकामागून एक का बंद पडली, हे नीट समजून घेतल्याशिवाय होडीचे कवच ओतण्याच्या साच्यावर पैसा घालू नकोस. लोकांची पारख संपली आणि स्वस्त मालाने चांगला माल बाजारातून हटवला, असे उत्तर तुला पुष्कळांकडून मिळेल. ते मला अपुरे वाटते. या बांधणाऱ्यांना सर्वांत कठीण स्पर्धा झाली ती त्यांनीच पूर्वी बांधून विकलेल्या होड्यांची.

१९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन या चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्याची ‘ट्रायटन’ ही सुमारे २८ फुटी होडी मांडली, आणि समुद्रावर नेता येईल अशी फायबरग्लासची होडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. लाकडी होडी कुजते, तिला किडा लागतो आणि दर हंगामात ती डागडुजी मागते; फायबरग्लासला यातले बरेचसे लागत नाही. शिवाय हे नवे साहित्य किती ताण सोसेल याची खात्री नसल्यामुळे त्या पिढीतील अनेक बांधणाऱ्यांनी थरावर थर चढवून होडीचे कवच गरजेपेक्षा जाड ठेवले. म्हणूनच त्या काळातील कितीतरी होड्या आजही पाण्यावर आहेत. नव्या होडीच्या किमतीच्या लहानशा भागात तशी जुनी होडी घेऊन उरलेल्या पैशात ती नीट करून घेता येते, हे ज्याला सर्वांत चांगले कळते तोच या यार्डांचा खरा ग्राहक होता, आणि त्यानेच नवी होडी मागवणे थांबवले.

दुसरे कारण श्रमाचे आहे. लांब कील (तोल राखणारा तळाचा वजनदार कणा) असलेली, आत शिशाचे किंवा लोखंडाचे वजन बंद केलेली, प्रत्येक आडवी भिंत आणि प्रत्येक कपाट कवचाला हाताने फायबरग्लासने जोडलेली होडी तयार करायला जे तास लागतात, त्यांत फारशी काटकसर करता येत नाही. मोठे कारखाने आतला साचेबद्ध सांगाडा वेगळा तयार करून कवचात चिकटवतात, फर्निचर यंत्राने कापतात आणि डेक चढवण्यापूर्वीच ते आत सोडतात. या पद्धतीला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही, कारण तिच्यामुळे असंख्य कुटुंबांना समुद्र पाहता आला. तरीही तिची एक बाजू तुला माहीत असलीच पाहिजे. २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ या होडीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चार जण प्राणास मुकले. होडी तळाला आपटल्यावर असा चिकटवलेला सांगाडा कवचापासून सुटू शकतो आणि ते सहज लक्षात येत नाही, याकडे ब्रिटिश तपास यंत्रणेने त्यानंतर लक्ष वेधले.

बाकीचे धक्के बाहेरून आले. १९७३ च्या तेलसंकटाने फायबरग्लासचे थर घट्ट बांधणारे रेझिन महागले. नॉर्वेचे होडी-आराखडाकार कॉलिन आर्चर यांच्या परंपरेतील विल्यम अ‍ॅटकिन यांचा ‘एरिक’ हा आराखडा ‘वेस्टसेल ३२’ या सुमारे ९ टनी होडीचा आधार होता. (रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये जिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ही याच आराखड्याची.) ‘वेस्टसेल ३२’ने अमेरिकेत एका पिढीला समुद्राची ओढ लावली, पण ती बांधणारी कंपनी मात्र १९८० च्या आसपास संपली. १९८५ नंतर तैवानचे चलन डॉलरच्या तुलनेत महागले, तेव्हा तिथल्या यार्डांचा स्वस्त कुशल मजुरीचा फायदा आटला. १९९१ पासून अमेरिकेत एक लाख डॉलरवरील बोटींच्या त्यापुढील किमतीवर १० टक्के चैनकर बसला. तो १९९३ मध्ये रद्द झाला, पण तेवढ्यात अनेक कारागीर दुसऱ्या धंद्यांत निघून गेले होते. पुढे भाड्याने बोटी देणाऱ्या कंपन्या मोठ्या ग्राहक झाल्या आणि त्यांना रुंद पाठीच्या, अनेक खोल्यांच्या होड्या व कॅटमरान (दोन कवचे जोडलेल्या होड्या) हव्या होत्या.

जे टिकले, त्यांच्याकडे पाहा. अमेरिकेच्या मेन राज्यातील हिंकली यार्डाने ‘बर्म्युडा ४०’ ही होडी १९५९ पासून तीन दशके बांधली, पण १९९४ नंतर त्याचे नाव मुख्यतः मोटरबोटींमुळे गाजले. स्वीडनच्या ओरुस्ट बेटावरील हालबर्ग-रासी हे यार्डवाले आपली सुतारकामाची शिस्त सांभाळून आराखडे बदलत गेले. त्यांच्या काही नव्या होड्यांना दोन सुकाणू आहेत. जुनी लांब कील जपणाऱ्यांमध्ये इंग्लंडमधील फालमथचे रस्टलर यार्ड आहे. त्यांची ‘रस्टलर ३६’ २०१८ च्या, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पहिली आली आणि पुढच्या शर्यतीत भारताचे अभिलाष टॉमी तशाच होडीतून दुसरे आले. परंतु शर्यतीतील कौतुकाने यार्डाची वर्षभराची मागणी भरून निघत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आधी किमान तीन-चार वर्षे जुन्या होड्यांच्या पूर्ण नूतनीकरणाचे काम करणाऱ्या यार्डात काढ. डेकमधील बाल्सा लाकूड पाणी पिऊन सडले की ते किती दूरवर काढावे लागते, सागाच्या पट्ट्या बसवताना मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी कसे आत शिरते, डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या स्टेनलेस पट्ट्या डेकमधून जातात नेमक्या त्या जागी कशा आतून खातात, हे नव्या होडीवर कधीच कळत नाही. कवचाला पडलेले भोक बुजवताना जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासून मगच थर चढवायचे असतात; तो उतार घाईने आखूड ठेवलेल्या दुरुस्त्या तुला पुन्हा उघडाव्या लागतील, आणि तेव्हा पहिल्या बांधणाऱ्याने कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागीही किती थर दिले होते ते पाहून तुझा हात आपोआप सावध होईल. ज्या यार्डांची कौशल्ये नाहीशी होत आहेत, त्यांचे काम उघडून पाहण्याची संधी आता इथेच उरली आहे.

तिथे प्रत्येक कामाला लागलेले तास रोज लिहून ठेव, आणि चुकून पुन्हा करावे लागलेले काम वेगळे नोंदव. तो हिशेब पाहूनही नवी होडी बांधावीशी वाटली, तर नवा साचा करू नकोस. बंद पडलेल्या यार्डांचे चांगले साचे पुढे दुसऱ्यांच्या हाती जातात. केप डोरी या अमेरिकन कंपनीच्या ३६ फुटी होडीचा साचा असाच मेनमधील यार्डात जाऊन तिथे पुढे वापरला गेला. असा साचा पाहायला जाशील तेव्हा मला आधी कळव. त्याच साच्यातून निघालेली एखादी जुनी होडी शोधून आपण दोघे ती आतून तपासू आणि मगच साच्याची किंमत विचारू.

तुझा हितचिंतक