विंडोज १० परत टाकताना दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतंय, दुकानदार म्हणतो हार्डडिस्क गेली. खरं असेल का?

एवढ्यावरून तरी नाही. वेगळ्याच टक्क्यावर अडकतंय हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि सगळी मेख तिथंच आहे, दुकानदाराने ते ऐकूनच घेतलं नसणार. आमच्याकडे दुकानदाराच्या जागी दीर होते.

२०२२ ची गोष्ट. पीसी माझा, लग्नाआधीचा, असेंबल केलेला, चौथ्या जनरेशनचा आय३, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम. दिवसाआड निळा स्क्रीन यायला लागला म्हणून म्हटलं एकदाचं फॉरमॅट मारून टाकू. पहिल्यांदा ३८ टक्क्यांवर थांबलं, फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, कोड ८००७०५७०. परत केलं तर ७१. परत केलं तर १२. तेवढ्यात गणपतीला भाऊजी आले, पुण्यात आयटीत आहेत, त्यांनी उभ्या उभ्याच निकाल दिला, "वहिनी, हार्डडिस्क गेलीय. तुम्ही राहू द्या, मी बघतो." मी म्हटलं अहो भाऊजी, मी फॉरमॅटच्या आधीच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलंय, निळं गुड दाखवतंय, रीअलोकेटेड सेक्टर (डिस्कने खराब म्हणून बाजूला टाकलेले भाग) शून्य आहेत, रॅम काढून बघूया का? तर म्हणे, "रॅम कधी जात नसते हो." आणि वर हसले, सासूबाईंच्या समोर.

मग हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी आली, दोन हजार गेले, सेटअप ५४ टक्क्यांवर अडकलं. मग पेनड्राइव्ह बोगस ठरला, नवीन आणला, तरी तेच. शेवटी "मदरबोर्ड असणार, नवीनच घ्या आता" म्हणून भाऊजी पुण्याला परत गेले.

त्या रात्री सगळे झोपल्यावर वायर काढून कॅबिनेट उघडलं, लेकीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, दोन्ही रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या आणि एकच रॅम लावून सेटअप चालू केला. वीस मिनिटांत डेस्कटॉप! मग मुद्दाम ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावली आणि परत केलं, २९ टक्क्यांवर तोच कोड. स्लॉट तोच होता म्हणजे दोष रॅमचाच, तरी खात्रीला रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं तर दहा मिनिटांत लाल ओळींची रांग लागली. जुनी ४ जीबी रॅम आठशेला मिळाली, विषय संपला.

कारण साधं आहे. सेटअपची मोठी फाइल दाबून भरलेली असते, ती रॅममध्ये उलगडते आणि मग डिस्कवर जाते, मध्ये एक बिट जरी उलटला तरी हिशोब जुळत नाही आणि खापर फाइलवर फुटतं. तो बिट दर वेळी वेगळ्या जागी उलटतो, म्हणून टक्काही वेगळा. एरवी रॅम अशी असली तर ब्राउझर बंद पडतो, कधीतरी निळा स्क्रीन येतो, आपण विंडोजला शिव्या देतो आणि सोडून देतो.

तर तुम्ही आधी रॅम एक-एक करून बघा, मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी ती रॅम बाद. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असतं तर मी म्हटलं असतं पेनड्राइव्ह बदला आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची फाइल, परत उतरवा. एसएसडीला पैसे सगळं झाल्यावर, आधी नाही. आणि घरातलं कोणी आयटीत आहे म्हणून त्याला कॅबिनेटमधलं कळतं असं धरून चालू नका, आमचे भाऊजी टेस्टिंगला आहेत.

हां, लॅपटॉप असेल तर बऱ्याचदा रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथं खोडरबरचा उपयोग नाही. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं कॉशन दाखवत असेल तर दुकानदाराचं बरोबर असू शकतं, आधी फोटो-बिटो दुसरीकडे काढा. शिवाय १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा किती खर्च करायचा ते बघा.

भाऊजी अजून सगळ्यांना सांगतात की एसएसडी मी घ्यायला लावली म्हणून वहिनींचा पीसी चालला. ती "गेलेली" हार्डडिस्क मी केसिंगमध्ये घालून ठेवलीय, घरातले सगळे फोटो तिच्यावर आहेत, आणि मागच्या गणपतीत स्वतःच्या लग्नाचे फोटो भाऊजींनी तिच्यातूनच कॉपी करून नेले.