330 बरोबर आणि 347 चूक? अनुनाद नलिकेतला घोळ

तुम्ही लिहिलंय की 512 हर्ट्झचा नादकाटा, खोलीचं तापमान 27 अंश, पहिला अनुनाद 16.1 सेंमीला, त्यावरून ध्वनीचा वेग 330 मीटर प्रतिसेकंद आला आणि पुस्तकातल्या 332 शी जुळला म्हणून 'बरोबर' ठरला. मैत्रिणीने दोन अनुनाद घेतले, तिचं उत्तर 347 आलं आणि त्यावर लाल फुली. वाचताक्षणी ओळखलं, कारण याच 332 ने मलाही सर्वांत जास्त छळलं आहे. उत्तर मैत्रिणीचं बरोबर आहे.

उभ्या नळीतलं पाणी खाली-वर नेताना वरच्या हवेच्या ठरावीक लांबीला काट्याचा स्वर एकदम मोठा होतो, तो अनुनाद. हे आणि तरंगलांबी कशी काढतात, ते तुम्हाला येतंच. सरळ घोळाकडे येतो.

332 हा 0 अंश सेल्सिअसचा वेग आहे. 27 अंशाला कोरड्या हवेत तो 347 च्या आसपास असतो (दर अंशाला साधारण 0.6 ने वाढतो). म्हणजे तुमचं 330 खोलीतल्या खऱ्या वेगापेक्षा 17 ने कमी आहे. ते कमी आलं, कारण v = 4fl (v वेग, f काट्याची वारंवारता, l नळीतल्या हवेची लांबी) वापरताना अंत्य दुरुस्ती सोडून दिली. प्रस्पंद (हवा सर्वांत जास्त हलते ती जागा) नळीच्या काठावर नसतो, काठाच्या किंचित वर असतो. ही वाढीव लांबी, म्हणजेच अंत्य दुरुस्ती, आतल्या व्यासाच्या सुमारे 0.3 पट. नळी 3 सेंमी व्यासाची धरली (तुमची वेगळी असेल, मोजून घ्या, आणि आतला व्यास मोजा) तर 0.9 सेंमी. 16 सेंमीत 0.9 म्हणजे साडेपाच टक्के! इकडे 0 आणि 27 अंशांच्या वेगांतला फरकही जवळजवळ पाच टक्के. एक चूक वेग खाली ओढते, दुसरी चूक तुलनेचा आकडाही तेवढाच खाली ठेवते, आणि दोन्ही मिळून वहीत 'बरोबर' उतरतं. 512 चा काटा आणि 3 सेंमीची नळी, या जोडीला हा योग हमखास जुळतो.

खात्री करायची असेल तर एकच गणित करा. 27 अंशाचा वेग 0 अंशाला आणण्यासाठी √(273/300), म्हणजे 0.954 ने गुणा. मैत्रिणीचा 347 होतो 331. तुमचा 330 होतो 315. हे कागदावर मांडून दाखवलंत की वाद राहायला नको. गुण कोण कसे देतं ते मात्र माझ्या हातात नाही. एका प्रयोगशाळेत (नाव घेत नाही) 'प्रमाण मूल्य 332' असा तापमान न लिहिलेला छापील तक्ता होता, आणि तो दुरुस्त करायला कुणी तयार नव्हतं. खोलीत तापमापक टांगलेला असताना! विद्यार्थ्याने नीट घेतलेलं वाचन खोडायला लावणं हे मला आजही अक्षम्य वाटतं.

आता पद्धत. पहिला अनुनाद (l₁) 16.1, दुसरा (l₂) 50.0 च्या जवळ यायला हवा. v = 2f(l₂ − l₁) = 2 × 512 × 0.339 = 347. वजाबाकीत अंत्य दुरुस्ती आपोआप निघून जाते. मोजपट्टीचा शून्य नळीच्या काठाशी नसेल तर तो दोषही जातो, आणि तो पुष्कळदा काठाशी नसतोच. तपासायचं असेल तर (l₂ − 3l₁)/2 काढा. इथे 0.85 येतं, 0.9 च्या जवळ, म्हणजे ठीक. दीड-दोन सेंमी आलं तर पट्टी सरकलेली आहे, नाहीतर एखादा अनुनाद चुकीच्या जागी पकडला आहे. मीटरभर नळी असेल तर तिसराही घ्या, 83.9 च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की वाचनातल्या चुकीचा परिणाम निम्मा होतो.

पाणी खाली नेताना एक वाचन, वर आणताना दुसरं, आणि सरासरी. दोन वाचनांत मिळून 3 मिमीची चूक राहिली तरी वेगात 3 मीटरचा फरक पडतो, त्यामुळे 347.14 असं लिहू नका. उलट 348-349 आलं तर घाबरूही नका. पाण्यावरची हवा दमट असते आणि दमट हवेत वेग थोडा जास्त असतो. हवेच्या दाबाची दुरुस्ती कुणी सांगितली तर करू नका. तापमान तेच असेल तर दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात बदलते, वेग तिथेच राहतो.

नादकाटा रबरी पॅडवरच मारा. टेबलाच्या कडेवर मारला की मूळ स्वराच्या सव्वासहापट वारंवारतेचा बारीक 'टिंग' उठतो आणि पाणी काठाजवळ असताना खोटा अनुनाद ऐकू येतो. काट्याचे पाय नळीच्या अक्षाच्या दिशेने, वर-खाली कंप पावतील असे धरा, काठापासून सेंटिमीटरभर वर, काठाला न टेकवता.

आणि काट्याऐवजी मोबाइलवरून स्वर वाजवणार असाल तर तो तोंडावर आडवा ठेवू नका. तोंड अर्धवट झाकलं की अंत्य दुरुस्ती वाढते. बाजूने, दोन-तीन सेंमी दूर धरा आणि सगळी वाचनं होईपर्यंत ती जागा बदलू नका.