आराखड्यातला पहिला रकाना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आराखडा मी दोनदा वाचला. साथीमुळे शाळा पुन्हा कधी बंद ठेवावी लागली तर काय करायचे, हे लिहून काढण्याचे काम तुझ्यासारख्या नव्या शिक्षकाकडे आले याचा मला आनंद वाटतो, कारण २०२० च्या बंदीत तू स्वतः विद्यार्थी होतास आणि बंद शाळा मुलाला कशी दिसते हे आम्हा जुन्या माणसांपेक्षा तुला अधिक ठाऊक आहे. आराखड्यात तासिकांचे वेळापत्रक आहे, ऑनलाइन वर्गाचे नियम आहेत, चाचण्या कशा घ्यायच्या तेही आहे. मात्र कोणते मूल कोणाच्या संपर्कात राहील, हे त्यात कुठेच सापडले नाही.

एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांत शाळा बंद होत्या आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. त्याच वर्षी युनिसेफने सांगितले की, त्यांपैकी किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत रेडिओ, दूरचित्रवाणी किंवा इंटरनेट यांपैकी कोणत्याही मार्गाने शिक्षण पोहोचणे शक्य नव्हते. एवढी मोठी संख्या वाचली की ती मुले कुठेतरी दूर असतील असे वाटते. प्रत्यक्षात ती कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या पटावर होती आणि त्या वर्गाला एक वर्गशिक्षक होता.

माझ्याच शाळेत काय झाले ते सांगते. पहिले चार आठवडे आम्ही रोज सकाळी पालकांच्या ग्रुपवर पाठ आणि गृहपाठ पाठवत होतो, आणि संदेश वाचला गेल्याची खूण दिसली की मी समाधान मानत होते. पाचव्या आठवड्यात एका सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला की, ग्रुपवरचे सोडून द्या, प्रत्यक्ष आवाज कोणाकोणाचा ऐकला आहे? आम्ही पट घेऊन बसलो आणि नावापुढे खुणा करत गेलो, तेव्हा प्रत्येक वर्गात अशी नावे निघाली ज्यांच्याशी शाळेतले कोणीच बोलले नव्हते. त्यांतल्या एका मुलीचा आमच्याकडचा क्रमांक वडिलांचा होता आणि ते कामानिमित्त दुसरीकडे अडकले होते. संदेश तेच वाचत होते. शेजाऱ्यांमार्फत शोध घेतल्यावर कळले की आई आजारी आहे आणि दोन लहान भावंडांचे सगळे ही मुलगीच पाहते आहे. फोनवर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मला वाटलं, पटावरून माझं नाव कमी केलं.” त्या वाक्याची जबाबदारी माझी होती. आजही आहे.

म्हणून तुझ्या आराखड्याचा पहिला रकाना मुलाच्या नावाचा असू दे, दुसरा त्याला फोन करणाऱ्या माणसाच्या नावाचा आणि तिसरा शेवटचे बोलणे कधी झाले त्या तारखेचा. एका माणसाकडे दहा-बारा कुटुंबांपेक्षा अधिक देऊ नकोस, आणि हे काम केवळ शिक्षकांचे आहे असेही समजू नकोस; कार्यालयातील आणि ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना कित्येक मुले आपल्यापेक्षा जवळून ओळखतात. पालकांशी बोलून फोन ठेवू नये, मुलाला फोनवर बोलवावे. पहिल्याच वाक्यात गृहपाठ विचारला तर मूल पुढच्या वेळी फोनवर येणार नाही. दिवस कसा जातो, झोप लागते का, वर्गातल्या कोणाशी बोलणे होते का, हे आधी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. घरात एकच फोन असेल तर तो कोणत्या वेळी मोकळा असतो ते त्या कुटुंबालाच विचारून नोंदवून ठेव. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती तू नियमांत घातली आहेस, ती काढून टाक. आपले घर वर्गाला दिसावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मुलाचा आहे.

संपर्क म्हणजे पाठ पोहोचवणे नव्हे, हे पूर्वीच्या लोकांनाही कळले होते. सप्टेंबर १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोतील शाळा उघडणे लांबले, तेव्हा वृत्तपत्रांत धडे छापले गेले आणि रेडिओवरून पाठ प्रसारित झाले; पण शंका विचारण्यासाठी घरून फोन करता यावा आणि पलीकडे शिक्षक असावा, अशीही सोय केलेली होती. मला त्या सगळ्या व्यवस्थेत तो फोन सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांच्याकडे छापील स्वाध्याय पाठवशील, त्यांच्या गठ्ठ्याच्या शेवटी एक कोरे पान जोड आणि मुलाने त्यावर जे लिहिले असेल त्याला स्वतःच्या हस्ताक्षरात उत्तर दे.

एखाद्या घरात मृत्यू झाला तर काय करायचे, हे आराखड्यात लिहावेच लागेल. त्या मुलाशी कोण बोलेल, वर्गाला किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, मूल परत येईल त्या दिवशी दाराशी कोण उभे असेल, हे शांतपणे आधीच ठरवलेले असावे, कारण त्या वेळी कोणालाच सुचत नाही.

शाळा उघडण्याच्या दिवसाबद्दल तू फक्त स्वच्छतेचे नियम लिहिले आहेस. इबोलाच्या साथीनंतर सिएरा लिओनमधील शाळा एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या, पण गरोदर मुलींना वर्गात येण्यास बंदी झाली आणि ती थेट मार्च २०२० मध्ये उठली. जिला शाळेची सर्वांत अधिक गरज होती तिच्यासाठीच दार बंद राहिले, ही गोष्ट मला फार लागते. उघडल्यावर जे मूल आले नाही, जे कामाला लागले, ज्याचा धागा मध्येच तुटला, त्याच्यासाठीही तिसऱ्या रकान्यातील तारखा पुढे चालू राहिल्या पाहिजेत.

उद्यापासून आपल्या वर्गातील सगळ्यांचे फोन क्रमांक तपासायला लाग, प्रत्येकाचा आणखी एक पर्यायी क्रमांक घे, आणि दुसरा मसुदा झाला की मला पाठव.

तुझ्या बाई